चालकाच्या रकान्यातलं नाव

गाडी घेतली की आपल्याकडे काय काय होतं, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. हार येतो, पेढे येतात, मागच्या काचेवर नाव रंगवलं जातं. आणि विम्याची वेळ आली की एकच प्रश्न, "सगळ्यात स्वस्त कुठला?" कोळवणच्या किशोरनंही तेच विचारलं. त्याला हसू नका. आपल्यातल्या किती जणांनी आपल्या गाडीचा विमा उघडून वाचलाय?

किशोर अकरा वर्षं पिरंगुटच्या कारखान्यात होता. कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची कॅम्पर करून घेतली. आत दोन पलंग, शेगडी, छोटा फ्रिज. आयटीतली कुटुंबं ती सुट्टीला भाड्यानं नेणार, ताम्हिणीपर्यंत फिरणार, रात्री गाडीतच मुक्काम करणार. पहिलं बुकिंग येत्या शनिवारचं होतं. चालक म्हणून त्यानं चुलत्याला, जनार्दनकाकांना तयार केलं होतं. काका एसटीतून निवृत्त झालेले, घाटातलं वळण न् वळण त्यांना पाठ.

अडलं होतं ते विम्यावर, आणि त्यानं किशोरचं डोकं उठलं होतं. एक कंपनी म्हणे, आतल्या सामानाची यादी द्या. दुसरी म्हणे, भाड्यानं देणार तर आधी आरटीओत नोंद बदलून आणा. तिसरीचा फोन तासभर नुसती गाणी ऐकवी. शेवटी वैतागून त्यानं पिरंगुटच्या जयसिंग एजंटला घरी बोलावलं.

जयसिंगकडे सगळ्यावर औषध होतं. ओटीवर बसल्या बसल्या त्यानं मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला. "वापर, स्वतःचा. आतलं सामान, काय न्हाई. चालवणार कोण, मालक स्वतः. झालं! निम्म्यात काम."

"पण गाडी तर काका चालवणार," किशोर म्हणाला.

"पगारी चालक लिवला की शंभर प्रश्न विचारत्यात. काका घरचेच हायेत की! कुणी अडवलं तर सांगायचं, पुतण्याची गाडी हाय, पाव्हण्यांना फिरवतोय."

किशोरला पटलं. स्वस्तातलं आपल्याला फार लवकर पटतं.

तेवढ्यात जनार्दनकाका आले. त्यांनी चष्मा लावून तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. "यात माझं नाव कुटं हाय?"

"काका, तुमी घरचेच. घरच्या माणसाला कागद कशाला?"

"पगार देणार हायेस न्हवं मला?"

"व्हय की. महिन्याच्या महिन्याला."

"मग पगाराला चालक आन् कागदावर कुणीच न्हाई, ह्ये कसं?" काकांचा आवाज चढला. "एकतीस वर्षं यष्टी चालवली. डेपोतनं गाडी हलायच्या आधी नाव लागायचं, आज कोण घेऊन चाललाय ते. आन् मागं बसलेल्यांचं काय? त्यांच्याकडनं भाडं घेतलंस. उद्या काय झालं तर कंपनी म्हणंल, गाडी घरगुती व्हती, आमचा संबंध न्हाई."

"काका, तुमच्या हातनं गाडीला कदी ओरखडा तरी आलाय का?"

"माझा हात मला ठावं हाय. समोरनं येणाऱ्याचा न्हाई."

आता मात्र किशोरचा तोल गेला. "जो तो आडवाच येतोय! नोंद बदलायला महिना जाईल. शनिवारच्या लोकांना काय तोंड दाखवू? बाहेरचे छळत्यातच, घरच्यांनीबी छळायचं?"

त्याची आई गोजराबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "किशोर, तुझा बापबी घरचाच व्हता."

त्याचा बाप गावातल्या एका बड्या माणसाची जीप चालवायचा. त्याला तिथं कुणी ड्रायव्हर म्हटलं नाही, घरचा माणूस म्हणत. किशोर चार वर्षांचा असताना ती जीप घाटात कोसळली आणि बाप जागीच गेला. विम्याचे कागद निघाले, तेव्हा त्यांत चालकाचं नावच नव्हतं, म्हणून भरपाईचा पैसाही मिळाला नाही. पुढं वीस वर्षं गोजराबाईनं पिरंगुटच्या एका कँटीनमध्ये भांडी घासली.

"मालक रडले," गोजराबाई म्हणाली. "मनानं वाईट न्हवते त्ये. पण मी कचेरीत जाऊन सांगायची, माझा माणूस गाडी चालवत व्हता, आन् साहेब म्हणायचे, कागदात न्हाई. जीव गेला त्याचा, पण तो गाडी चालवत व्हता ह्ये सुदिक मला शाबीत करता आलं न्हाई रं!"

अरेरे! ज्या एका शब्दानं आपली आई देशोधडीला लागली, तोच शब्द आपण काकांना हसत हसत ऐकवला! किशोरला स्वतःची लाज वाटली. खाली मान घालून त्यानं जयसिंगला विचारलं, "चालकाचं नाव घालायला किती जादा पडत्यात?"

जयसिंग चाचरला. "त्याचं फार न्हाई. वर्षाला एका मिसळीचं पैसं. भाड्याची नोंद तेवढी महाग हाय."

एका मिसळीचे पैसे! किशोरनं तो फॉर्म पुसून टाकायला लावला.

पुढचं काही गोड झालं नाही. शनिवारच्या लोकांना आगाऊ रक्कम परत केली, तर त्यांनी वर चार शब्द सुनावले. आरटीओच्या सात फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला किशोर चिडून घरी आला. सहा आठवडे गाडी दारात उभी राहिली, येणारेजाणारे टोमणे मारत राहिले. अखेर विमा हातात पडला. वापर भाड्याचा, प्रवासी धरलेले, शेगडी-फ्रिज यादीत, आणि पगारी चालक म्हणून जनार्दनकाका.

गोजराबाईला वाचता येत नाही. "काकाचं नाव कुटं हाय, दाव," ती म्हणाली. किशोरनं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. बराच वेळ तिनं ते उचललं नाही.

मित्रहो, विमा म्हणजे नाक्यावर पोलिसाला दाखवायचा कागद नव्हे. त्यात खोटं लिहून आपण कंपनीला फसवत नाही, आपल्या भरवशावर गाडीत बसलेल्यांना फसवतो. आज घरी गेलात की आपल्या गाडीचा कागद काढा आणि त्यात कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते बघा. ज्याला आपण घरचा म्हणतो, त्याच्या बायकोला उद्या, तो गाडी चालवत होता हे शाबीत करत कचेऱ्या फिरायला लावू नका.