इंजिनात बसलेली शालूबाई

गुरुवारी सकाळी साडेसात वाजता भगवानरावांच्या गोठ्यासमोर दीडशे माणसं हात जोडून उभी होती. समोर देव नव्हता, वीस वर्षांची एक डिझेल व्हॅन होती. बॉनेटवर हळदीकुंकू, आरशाला लिंबू-मिरची आणि इंजिनाखाली सरकवलेल्या घमेल्यात गोवऱ्यांची धुनी. शेजारी पाटावर अंगारेमहाराज बसले होते.

“यंत्र आपल्या मनानं बंद पडत नसते, बापूहो!” महाराज गरजले. “कोनीतरी त्याले आतून धरून ठेवते. ह्या इंजिनात एक बाई बसेल हाय. यंत्राले मंत्र लागते, मेकॅनिक नाई!”

चाळीस मिनिटं मंत्र चालला. मग महाराजांचा शिष्य प्रेम, पन्नाशीचा आडदांड माणूस, ड्रायव्हरच्या जागी बसला आणि त्यानं सेल्फ मारला. इंजिन कण्हलं, मागून पांढरा धूर निघाला आणि व्हॅन सुरू झाली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. जयजयकार झाला.

मी त्यात सामील झालो नाही, पण बोललोही नाही. जानेफळपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात मी शाळामास्तर आहे. लोक मला नारायणराव सर म्हणतात. भगवानराव शाळा समितीचे अध्यक्ष, आणि व्हॅन त्यांची. मी गप्प का बसलो, याचं दुसरं कारण माझ्याकडे नाही.

इंजिनात बसलेली ती बाई म्हणजे शालूबाई. नोव्हेंबरमध्ये तिच्या छातीत कळ आली, याच व्हॅनमधून मेहकरला नेताना ती वाटेत गेली. पुढच्याच आठवड्यात व्हॅन सकाळी सुरू होईना. सेल्फ फिरायचा, पांढरा धूर यायचा, पण इंजिन पकडायचं नाही. दुपारी मात्र मुकाट चालू व्हायची. एकानं महाराजांचं नाव सुचवलं आणि महाराजांनी धुराकडे एकदा पाहून सांगितलं, “बाईचा जीव घोटाळून राह्यला. तिचं रक्ताचं माणूस आना.”

रक्ताचं माणूस एकच होतं. शालूबाईची मुलगी निशिगंधा, बारावीला. वडील आधीच गेलेले. दर गुरुवारी तिनं अनवाणी व्हॅनभोवती अकरा फेऱ्या घालायच्या आणि प्रत्येक फेरीला म्हणायचं, “आई, गाडी सोड.” महिनाभरात तिचा आवाज असा झाला, की जणू ती कुणा परक्याचं वाक्य वाचत होती.

एकदा ती शाळेच्या पडवीत आली.

“सर, माही आई गाडी काऊन धरीन? तिले तर गाडीत बसलं की मळमळे.”

“थोडे दिवस सहन कर, बेटा,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी पहाट उलटता उलटता भगवानरावांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. त्यांची सून मंजुश्री आठव्या महिन्यात होती आणि तिला रक्तस्राव सुरू झाला होता. सरकारी अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला तास लागणार होता. गावातली दुसरी चारचाकी खामगावच्या बाजाराला गेली होती. राहिली व्हॅन.

मंजुश्रीचा नवरा हर्षल सेल्फ मारत राहिला. इंजिन पकडेना. गारठा असा, की हात खिशाबाहेर काढवत नव्हता.

“धक्का मारू,” मी म्हणालो. “पुढं उतार आहे.”

“नाई!” भगवानराव किंचाळले. “महाराजानं सांगतलं, धक्का मारला तर बाई चवताळते. मानूस खाते! हर्षल, महाराजाले घेऊन ये. अन् त्या पोरीले आना!”

निशिगंधाला अंथरुणातून उठवून आणलं. ती थंडीत कुडकुडत फेऱ्या घालू लागली. मागच्या सीटवर मंजुश्री कण्हत होती. खाली धुनी पेटली. महाराजांनी एकही मंत्र गाळला नाही.

व्हॅन सुरू व्हायला पन्नास मिनिटं लागली. मंजुश्री वाचली. बाळ वाचलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, “अर्धा तास आधी आणायला हवं होतं.”

गावानं हे वाक्य ऐकलं आणि दोष कुणाला दिला? निशिगंधाला. महाराजांनी डोळे मिटून कारण सांगितलं, “पोरगी वरवर बोलते. तिच्या मनात मायची ओढ हाय. येत्या गुरुवारी तिचे केस उतरवा, केसांतच बाई अडकेल हाय.”

आता ती ज्याच्या घरी राहत होती त्या चुलत्यानं मान डोलावली. भगवानरावांनी न्हाव्याला निरोप धाडला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा फोन उचलला. माझी जुनी विद्यार्थिनी सुवर्णा देऊळघाटला दिलेली. तिनं आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलाय आणि बुलढाण्याच्या एका गॅरेजात ती इंजिनाचं काम बघते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी दोन प्रश्न विचारले.

“थंडीतच अडते? अन् धूर पांढरा?”

“हो.”

“सर, हे तुमी मले नोव्हेंबरात काऊन नाई सांगतलं?”

“गुरुवारी सकाळीच ये,” मी म्हणालो.

गुरुवारी ती मोटरसायकलवरून आली. पाठीवर हत्यारांची पिशवी. न्हावी ओट्यावर बसला होता. निशिगंधा केस मोकळे सोडून, मान खाली घालून पाटावर बसली होती. सुवर्णा सरळ भगवानरावांपुढं गेली.

“काका, महाराजाच्या मंत्राले माहा विरोध नाई. फकस्त ते घमेलं तेवढं वीस पावलं दूर ठेवा. मंत्र पूर्न म्हनू द्या. गाडी सुरू झाली तर केस उतरवाले मीच ह्या पोरीले धरून बसीन.”

“धुनी हलवता येत नसते!” महाराज ताडकन म्हणाले.

“काऊन? बाई इंजिनात हाय का घमेल्यात?”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कोनाकोनाचा हात लागून राह्यला यंत्राले! बाटलं म्हनून चालत नाई.” रोख तिच्या जातीवर होता, ते सगळ्यांना कळलं. सुवर्णालाही.

“अजून हात लावलाच नाई मी,” ती म्हणाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. कालच दवाखान्यातून आलेली मंजुश्री चौकट धरून उभी होती. बाळंतिणीची शाल होती, कूस रिकामी होती.

“मामंजी, ठेवा घमेलं दूर. मले पाह्यचं हाय.”

भगवानरावांनी स्वतः घमेलं ओढून गोठ्याच्या टोकाला ठेवलं. मंत्र सुरू झाला. चाळीस मिनिटांनी प्रेमनं सेल्फ मारला. घरघर आणि पांढरा धूर. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. काही नाही.

सुवर्णानं चुलीवरचं उकळतं पाणी मागितलं. बॉनेट उघडून, इंजिनात हवा जाते त्या नळकांड्यावर तिनं गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर पाणी ओतलं. पाच मिनिटांत दोन तपेली. मग ती आत बसली. सेल्फ मारला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं.

जयजयकार झाला नाही.

तिनं इंजिन बंद केलं आणि पान्यानं चार बारीक कांड्या उघडून बाहेर काढल्या. “ह्याले हिटर म्हंतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा गरम झाली तरच डिझेल पेटते. थंडीत सुरुवातीले हे हिटर आत लाल होऊन हवा तापवतात.” तिनं एकेक कांडी पकडीत धरून बॅटरीला जोडली. चारही काळ्याच राहिल्या. पिशवीतली नवी कांडी तिनं निशिगंधाच्या हातात पकडीसकट दिली आणि वायर टेकवली. आठ-दहा सेकंदांत टोक निखाऱ्यासारखं लाल झालं. निशिगंधा त्याकडे बघत राहिली.

“हिटर जळलेले असले तरी उन्हाळ्यात गाडी सुरू होते, म्हनून कोनाले कळलं नाई,” सुवर्णा म्हणाली. “थंडी पडली अन् शालूकाकू गेल्या, दोन्ही पाठोपाठ झालं. बस. धुनीनं इंजिन तापे, मंत्रानं नाई. न पेटलेलं डिझेल पांढरा धूर होऊन निघे, त्याले तुमी भूत म्हनले.”

हर्षलनं प्रेमची गचांडी धरली. “तुले माहीत होतं का बे?”

प्रेम आधी महाराजांकडे पाहू लागला. महाराज पाटावरून उठून चपला शोधत होते. मग तो पुटपुटला, “मी बारा वर्सं ट्रक चालवला. थंडीच्या मुलखात समदे ड्रायव्हर इंजिनाखाली निखारे ठेवतात. हिटर गेलेत हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं.”

मंजुश्री सुवर्णाजवळ आली. “त्या दिवशी उतारावर ढकलली असती तर?”

सुवर्णानं हातातला पाना खाली ठेवला. “बहुतेक झाली असती, ताई.”

भगवानराव तिथंच मातीत बसले. कुणी त्यांना उठवायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दवात भिजलेली व्हॅन नव्या हिटरवर पहिल्याच सेल्फला सुरू झाली. पाहायला मोजून सात माणसं होती. त्याच दिवशी मंजुश्रीनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीखाली दुसरी सही निशिगंधाची होती, तिसरी माझी. निशिगंधा आता बुलढाण्याला शिकते. गावात आली तरी माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

महाराज खोटे होते हे खरंच. पण त्यांना पाट आम्ही मांडून दिला, आणि मी विज्ञान शिकवणारा मास्तर असून बाजूला उभा राहिलो. माझी विनंती साधी आहे. गाडी अडली तर बॉनेट उघडा, माणूस अडलं तर दवाखाना गाठा. कुणी कारण म्हणून मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तर तिथल्या तिथं विचारा, “कशावरून?” त्याच दिवशी विचारा. मी अडीच महिने उशिरा विचारलं.