घणानं निवडलेला कारकून

मित्रांनो, दचकू नका. दाराआड अंग टेकून उभा आहे तो मी, एक जुना घण. पायावर पडलो तर बोटं चेचीन, म्हणून जरा लांबूनच ऐका. माझा स्वभाव तापट आहे, आणि तो गोड करून सांगायची मला सवय नाही.

माझा जन्मच मार खाऊन झाला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि लोखंड औषधालासुद्धा मिळत नव्हतं. कर्जतच्या लोहारानं रुळाचा मोडका तुकडा कुठूनसा पैदा केला, भट्टीत लालभडक केला आणि ऐरणीवर घालून असा बडवला की काही विचारू नका. मी ठणाठणा ओरडत होतो आणि तो शेजारच्या माणसाला म्हणत होता, "आता कसा वळनावर आलाय बघा!" मग माझ्या डोक्यात बाभळीचा दांडा ठोकला, वरून पाचर मारली आणि मला त्या माणसाच्या हवाली केलं. त्या माणसाचं नाव कारभारी.

कारभारी दगडफोड्या होता. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही म्हणजे अंगठा. पण उजवा हात काय होता त्याचा! मला डोक्यावरून फिरवून खाली आणला की काळा कातळ उभा उकलायचा. कपच्या उडायच्या, ठिणग्या उडायच्या, कधी कुणाचा गाल फाटायचा. मला ते सगळं फार आवडायचं. फोडायला जन्मलेल्याला फोडणंच आवडणार ना?

पुढे प्रवरेकाठच्या बेलापूरकडे उसाच्या गाड्यांसाठी रस्ता व्हायचा होता. त्याला लागणाऱ्या खडीचं काम कारभारीनं अंगावर घेतलं आणि कालचा मजूर आज गुत्तेदार झाला. सोबत माणसं नेली ती आपल्याच गावची. गाड्या निघाल्या तेव्हा बनुबाई नावाची म्हातारी बैलांपुढे आडवी उभी राहिली. तिचा एकुलता एक मुलगा बन्सी आणि सून साळूबाई त्या गाड्यांत होती.

"कारभारी, माझं लेकरू हातीपायी धड परत येईल का रं?"

कारभारीनं माझ्या डोक्यावर आपला उजवा पंजा ठेवला. "बनुआत्या, ह्या घनाची आन. जेवढी मानसं नेतो तेवढी हातीपायी धड परत आनीन. कुनाला काय झालं तर मला बोल लाव."

सगळ्या गावानं ते ऐकलं. म्हातारी बाजूला झाली.

बेलापूरच्या खाणीवर पुरुष दगड काढायचे आणि बाया हातोडीनं त्याची खडी करायच्या. प्रत्येक जोडप्याचा ढीग वेगळा. ढीग घालायला घेतला की बाया पहिल्या दगडाला हळदकुंकू लावून तो बुडाशी ठेवायच्या, बरकत यावी म्हणून. ढीग पुरा झाला की कारकून यायचा. लाकडी पेटी भरभरून खडी मोजायची आणि पलीकडे ओतायची. मोजून झालेल्या खडीवर गेरूचं लाल पाणी मारायचं, म्हणजे तीच खडी पुन्हा मोजली जाणार नाही. एवढंच ते काम, पण पगाराच्या दिवशी तिथे रणकंदन व्हायचं.

लढाईमुळे चिल्लर मिळत नव्हती. चार घरांना मिळून एक नोट द्यायची आणि ती चार घरं एकमेकांच्या उरावर बसायची. पहिला कारकून बिचारा मधे पडला. कुणाचा तरी ठोसा असा बसला की त्याचे पुढचे दात हातात आले. तो पागोटं तिथेच टाकून पळाला तो पुन्हा दिसला नाही. आता कारभारीला नवा कारकून शोधणं भाग होतं.

दोघं जण आली. एक रंगनाथ, राहात्याच्या तालमीतला गडी. गुळाच्या आडतीवर काही दिवस लिहिणं केलेला, खांद्यांमधे मान दिसत नव्हती. दुसरी रोझीबाई. ही बेलापूरची ख्रिस्ती बाई, मिशनच्या शाळेत शिकलेली. नवरा पलटणीत गेला होता, मागं खाणारी तोंडं होती, म्हणून काम शोधत होती.

आता कारकून कसा पारखायचा? कारभारीला अक्षर कळत नव्हतं. त्याला दगड कळत होता आणि घण कळत होता. त्यानं मला दोघांसमोर आणून टाकलं.

"ह्यो उचला आन् समोरचा धोंडा फोडा. जो फोडील त्यो माझा कारकून."

रोझीबाईनं कंबरेवर हात ठेवले. "अहो कारभारीदादा, हिशेब करायचा हाय का धोंडा फोडायचा हाय?"

"पगाराला दंगल होती, बाई. पहिल्याचं दात पडलं. मला दांडगा मानूस पायजे."

"दात पडले ते तो बारीक होता म्हणून न्हाई. हिशेब कुनाला फोड करून सांगत नव्हता, म्हणून पडले."

तरी तिनं माझा दांडा धरला, दातओठ खाऊन गुडघ्यापर्यंत उचललं आणि थेट कारभारीच्या पायाच्या अंगठ्याजवळ आपटलं. तो टुणकन मागे उडाला. "घ्या, उचलला! आता तुम्ही सतराचा पाढा म्हना," ती म्हणाली. खाण खो खो हसली. कारभारीचे कान लाल झाले.

मग रंगनाथ पुढे आला. त्यानं मला एका झटक्यात खांद्यावर घेतलं आणि धोंड्याची दोन शकलं केली. झालं! कारकून ठरला. रोझीबाई जाताना म्हणाली, "बरं हाय. पैलवानाला आकडे शिकवा आता." मी मात्र छाती फुगवून बसलो होतो. अहो, सरकारी साहेबसुद्धा परीक्षा घेऊन नेमतात, इथे तर परीक्षाच मी होतो!

पहिल्याच पगाराला दोन गडी भांडले. रंगनाथनं दोघांच्या मानगुटी धरल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. कारभारी खूश झाला. "लाखात एक मानूस गावला," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. तेव्हापासून पगार वाटताना मला पैशांच्या पोत्यावर ठेवायची पद्धत पडली. लोक माझ्याकडे बघायचे, मिळेल ते घ्यायचे आणि खाली मान घालून जायचे. भांडणं मिटली, असं कारभारीला वाटलं. अरे, कसली मिटली! आतल्या आत धुमसत होती.

एकदा एक म्हातारा म्हणाला, "पुन्यांदा मोजा की." रंगनाथनं माझ्या दांड्यानं त्याच्या नडग्यांवर असे तडाखे दिले की त्याला उचलून न्यावं लागलं. कारभारीनं विचारलं तेव्हा रंगनाथ म्हणाला, "दगडावरून घसरला." कारभारीनं ते खरं मानलं. आपण निवडलेला माणूस वाईट निघाला, हे कबूल करायला फार मोठी छाती लागते. ती त्याच्याकडे तेव्हा नव्हती.

होळीचा पगार आला. साळूबाई कारभारीपुढे उभी राहिली. "दादा, माझा ढीग लाल झालाय. पन त्यो मोजला कवा?"

"कालच मोजला," रंगनाथ म्हणाला. "पैसं तुझ्या नवऱ्यानं नेलं. ढोसली असंल."

"मी?" बन्सी ओरडला. "दारूला शिवलो असंल तर जीभ झडंल माझी!"

साळूबाई रडली नाही. ती म्हणाली, "मोजला असंल तर खडी पलीकडं पडली असंल, आन् बुडाचं कुकू जाग्यावर ऱ्हानार न्हाई. चला सगळी माझ्यासंगं."

ती ढिगावर बसली आणि दोन्ही हातांनी खडी उपसू लागली. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, तरी ती थांबेना. वरच्या थराखाली लाल पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता. आणि बुडाशी तिचा पहिला दगड जसाच्या तसा होता, हळदकुंकवासकट. ढीग हललाच नव्हता. न मोजता त्यावर गेरू मारला होता आणि पैसे रंगनाथच्या खिशात गेले होते.

कारभारीचं तोंड पांढरं पडलं. "रंगनाथ, ह्यो काय परकार हाय?"

रंगनाथ पुढे सरसावला. त्यानं साळूबाईच्या पाठीत लाथ घातली. ती तोंडावर खडीत पडली आणि तिचं कपाळ फुटलं.

मग काय विचारता! खडीच्या खाणीत दगड शोधावा लागतो होय? चहूबाजूंनी दगडांचा पाऊस पडला. रंगनाथचा कान लोंबला, ओठ फाटला, गुडघा निखळला. इतके दिवस गिळलेला मार लोकांनी एका दमात परत केला. तो कातळावर आडवा झाला तेव्हा बन्सीनं पोत्यावरून मला उचललं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही चेव आला होता. दगड पुष्कळ फोडले होते, आता समोर माणसाचं डोकं होतं. बन्सीनं मला डोक्यावरून फिरवलं.

"बन्सी, नको! फासावर जाशील!" कारभारी धावला. मला अडवायला वेळ नव्हता. त्यानं गुडघ्यावर पडून रंगनाथचं डोकं उजव्या हातानं बाजूला ढकललं. डोकं निसटलं. हात राहिला.

मी त्या हातावर पडलो.

खाली कातळ, वर मी. जो पंजा माझ्यावर ठेवून त्यानं आण घेतली होती, त्याच्या हाडांचा मी चुरा केला. बन्सीच्या हातून दांडा गळला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. कारभारी घामानं डबडबला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "रडू नगंस. मानूस मी निवडला हुता. बनुआत्याला तुझं मढं कसं दाखवलं असतं रं मी?"

रंगनाथला लोकांनी प्रवरेपार हाकलून दिलं. जाण्याआधी त्याच्या खिशातून साळूबाईचे पैसे तेवढे काढून घेतले.

हाताला बांबूच्या कामट्या बांधून कारभारी रोझीबाईच्या दारात गेला. "बाई, सतराचा पाढा मला अजून येत न्हाई. तुमी या."

रोझीबाईनं त्याच्या हाताकडे बघितलं. तिच्या जिभेवर काहीतरी तिखट आलं होतं, ते तिनं गिळलं. "येते. पन त्यो घन पगाराच्या पोत्यावर दिसला, तर आल्या पावली परत जाईन."

मला झोपडीच्या कोपऱ्यात टाकलं. तिथून मी ऐकायचो. ढीग मोजून झाला की बुडाचा कुंकवाचा दगड रोझीबाई आधी ज्याच्या त्याच्या हातात द्यायची आणि मगच गेरू मारायची. भांडणं होत नव्हती असं नाही. लई व्हायची! पण रोझीबाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा आणि ती प्रत्येकाला हिशेब चार-चारदा फोड करून सांगायची. दात मात्र कुणाचेच पडले नाहीत.

पावसाळ्याआधी गाड्या गावी परतल्या. बनुबाई वेशीतच उभी होती. तिनं एकेकाला हात लावून चाचपलं. बन्सी धड होता. साळूबाईच्या कपाळाची जखम भरून आली होती. नडग्या सुजलेला म्हाताराही चालत उतरला. शेवटी कारभारी उतरला, उजवा हात पदराखाली झाकावा तसा उपरण्याखाली झाकून. म्हातारीनं उपरणं ओढलं. बोटं वाळलेल्या मुळ्यांसारखी आत वळली होती.

"आरं माझ्या लेकरा! सगळ्यांचं हातपाय आनलंस, आन् तुझा हात कुठं ठेवलास?"

"घनाखाली, आत्या," कारभारी म्हणाला. "कारकून घनानं निवडला हुता मी."

त्यानंतर त्या हातानं मला कधीच उचललं नाही. माझ्या दांड्याला वाळवी लागली, डोक्यावर गंज चढला. मला एकच मागायचं आहे, मित्रांनो. दगड फोडायचा असेल तर मला खुशाल बोलवा, नवा दांडा घाला, तेल चोळा, मी अजून कातळ उकलून दाखवीन. पण ज्याच्या हाती चारचौघांचा घास द्यायचा, असा माणूस निवडायचा असेल, तेव्हा मला या दाराआडच राहू द्या.