अकरा वाजताची झारी

चेकरबाईच्या पायाला भिंगरी आहे असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बावीस वर्षं तिने बसमध्ये लोकांची तिकिटं तपासली. या बसमधून उतर, त्या बसमध्ये चढ, मागच्या दाराने शीर, पुढच्या दाराने बाहेर पड. दिवसभरात कुठे टेकली असेल तर शपथ! मग एका सकाळी चालत्या बसमधून उतरताना गुडघा असा काही फिरला, की तो पुन्हा जागेवर म्हणून येईना. डॉक्टरांनी मान हलवली, कचेरीने एक भिंतीवरचं घड्याळ हातात ठेवलं आणि बाई घरी बसली.

बसली म्हणजे नुसतं म्हणायचं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी नवऱ्याचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. नवरा शिंपी होता आणि जन्मभर एकाच स्टुलावर बसून सुखी होता. मागच्या खोलीत बाकी सगळा संसार. या दोन खोल्यांमध्ये बाई लंगडत लंगडत येरझाऱ्या घालायची. घड्याळाकडे बघायची, खिडकीतून वाकून रस्त्यावरच्या बस मोजायची, उशिरा आलेल्या बसला घरातूनच बोल लावायची.

"अगं, टेक की जरा," शिंपी म्हणायचा. "तुझ्या चालण्याने माझी शिवण वाकडी व्हायला लागली."

"बसून बसून गंज चढलाय मला. तुम्हाला काय कळतंय!"

सासरी असलेली लेक फोनवर म्हणाली, "आई, हल्ली घरून करायची कामं मिळतात. शोध की." झालं. बाई हात धुऊन त्या शोधाच्या मागे लागली. आणि काय काय जाहिराती! एकाला पुस्तकाची पानं टाइप करून हवी होती, दुसऱ्याला पेन्सिली खोक्यात भरून. तिसरा फोनवर इतका गोड बोलला, की बाईच्या मनात पाल चुकचुकली. बनावट तिकीट ती नुसत्या बोटांनी ओळखायची. कागद हाताला लागला की कळायचं. पण फोनवर हाताला काय लागणार, कपाळ?

पानं टाइप करून घेणाऱ्याने तिला चक्क फसवलं होतं. ओळखपत्रासाठी म्हणून त्याने आधी पैसे मागितले, हिने मुकाट्याने भरले, आणि दुसऱ्या दिवशी तो नंबरच बंद. फुकट्या प्रवाशांना कॉलर धरून खाली उतरवणारी ती, आणि तिलाच असं उतरवलं होतं! लाजेने तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याला तर नाहीच.

म्हणून जेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यातून खराखुरा फोन आला, तेव्हा बाईने समोरच्या मॅडमची उलटतपासणीच घेतली.

"आधी काही भरायचं?"

"नाही."

"ओळखपत्राचे?"

"नाही हो बाई."

"मग यात लबाडी कुठे आहे?"

मॅडम हसल्या. "लबाडी नाहीये. ऑपरेशन झालेल्या पेशंटना फोन करून तपासणीला बोलवायचं, एवढंच काम. घरी बसून करा."

बाईने विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला काहीतरी थाप मारून ती घराबाहेर पडली आणि दोन बस बदलून त्या दवाखान्यापाशी गेली. घरबसल्या करायचं काम खरं आहे की नाही, ते बघायला! आत गेली नाही. समोर विजेच्या खांबापाशी दीड तास उभी राहिली. हिरवं गेट. टोपी गुडघ्यावर ठेवून डुलक्या काढणारा पहारेकरी. एका डोळ्यावर पट्टी लावून कुणाचा तरी हात धरून बाहेर पडणारी माणसं. आणि बरोबर अकरा वाजता एक काटकुळी बाई झारी घेऊन बाहेर आली, पायरीवरच्या कुंडीला तिने पाणी घातलं, एक वाळकं पान तोडलं आणि ते खाली न टाकता खिशात ठेवलं.

ते पान बघून चेकरबाईचा जीव भांड्यात पडला. लोकांना गंडवणारी माणसं कुंडीला पाणी घालत नाहीत. घातलंच तरी वाळकं पान काही खिशात ठेवत नाहीत. घरी येईपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. तिने फोन लावला आणि म्हणाली, "मी येते. म्हणजे येत नाही. घरूनच करते."

काम लागलं, पण अंगवळणी पडेना. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, कानावर हेडफोन, समोर पडद्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं. बाई बोलता बोलता सवयीने उठून चालायला लागायची आणि वायरीमागून लॅपटॉपही निघायचा. एकदा तर शिंप्याने तो अधांतरी झेलला. फोन चालू असताना मशीनचा आवाज जाऊ नये म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. बाईने हात वर केला की शिंप्याने पाय थांबवायचा. बावीस वर्षं बस थांबवणाऱ्या हाताने आता नवऱ्याचं मशीन थांबायचं. बिचाऱ्याच्या एका पँटला दोन-दोन दिवस लागायला लागले.

आणि एवढं करून लोकांचा विश्वास कुठे बसत होता! "दवाखान्यातून बोलतेय" म्हटलं की लोक फोन आपटायचे. कुणी शिव्या घालायचं, कुणी पोलिसांची धमकी द्यायचं. त्यात बाईचा आवाज. "नाव?" असं ती विचारायची, की समोरच्याचा हात नकळत तिकिटासाठी खिशात जावा. मॅडम सगळे फोन नंतर ऐकायच्या.

"बाई, तुम्ही पेशंटला बोलावताय की पकडताय?" त्या म्हणाल्या. "महिनाभर बघू असं ठरलंय आपलं. शनिवारी महिना संपतो. पेशंट असेच आले नाहीत, तर मग..."

मग काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. मग पुन्हा दोन खोल्या, घड्याळ आणि खिडकीतल्या बस.

यादीत एका नावापुढे डॉक्टरांनी लाल खूण केली होती. कुलपं दुरुस्त करणारे एक आजोबा. एका डोळ्याचं ऑपरेशन दवाखान्याच्या शिबिरात झालेलं, दवाखाना कधी न पाहिलेला, पुढची तपासणी चुकलेली, आणि शेरा असा, की याच आठवड्यात आले नाहीत तर त्या डोळ्याचं काही खरं नाही. बाईने चार वेळा फोन केला, चारही वेळा त्यांनी तोडला. गुरुवारी तिने हात वर केला, मशीन थांबलं, आणि तिने पाचव्यांदा नंबर लावला.

"परत तुम्हीच?" आजोबा खेकसले.

"मीच."

"जन्म गेला माझा कुलपं उघडण्यात. कोण कुठून कसं आत शिरतं ते मला नका शिकवू. दवाखाना म्हणे! गेल्या वर्षी असाच बँकेतून म्हणून फोन आला होता, धुऊन नेलं मला."

पडद्यावर पुढचं वाक्य होतं, 'आपल्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे.' बाईने ते मनातल्या मनात वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"आजोबा, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली.

"काय?"

"ठेवूच नका. मीही नव्हता ठेवला. मलाही फसवलंय फोनवरून. बावीस वर्षं लोकांची चोरी पकडली आणि एका गोड बोलणाऱ्याला भुलून पैसे भरले. अजून घरात सांगितलेलं नाही." हे बोलताना ती खिडकीकडे पाठ करून उभी होती. "म्हणून या कामाचा फोन आला तेव्हा मी आधी स्वतः जाऊन बघितलं. तुम्हीही बघा. उद्या या आणि आत जाऊ नका. समोर विजेच्या खांबापाशी उभे राहा. गेट हिरवं आहे. पहारेकरी टोपी गुडघ्यावर ठेवून पेंगत असतो. अकरा वाजता एक बाई झारी घेऊन येते आणि पायरीवरच्या कुंडीला पाणी घालते. ती दिसली तर आत जा. नाही दिसली तर घरी जा आणि माझ्या नावाने खुशाल बोटं मोडा."

आजोबांनी फोन ठेवला.

बाई वळली. शिंपी तिच्याकडेच बघत होता. "मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

शिंप्याने सुईत दोरा ओवायला सुरुवात केली, आणि दोन-तीनदा चुकल्यावर म्हणाला, "लग्नाच्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या होत्या. तो अख्खा मोहल्ला हसला. ते तरी तुला कुठे सांगितलंय?"

बाईला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला : 'आजोबांचा फोन ऐकला. यातलं एकही वाक्य लिहून दिलेलं नव्हतं. शनिवारी बोलू.' बाईचं हसू तिथेच विरलं.

शुक्रवारी अकराला दहा कमी असताना बाईच्या कानात फोन वाजला. दवाखान्याच्या नंबरवर कुणी उलटा फोन केला, तर तो ज्या बाईच्या यादीत असेल तिच्याकडेच यायचा.

"खांबापाशी उभा आहे," आजोबा म्हणाले. "ज्या डोळ्याची भानगड आहे त्यानेच बघतोय. सगळं धुक्यात आहे. गेट मात्र हिरवट दिसतंय खरं."

"आणि पहारेकरी?"

"गुडघ्यावर काहीतरी आहे त्याच्या. टोपी आहे की मांजर, देव जाणे."

अकरा वाजले. कुणी आलं नाही. अकरा वाजून दोन मिनिटं झाली. बाई टेबलाभोवती वायर पुरेल तेवढी फिरत होती आणि शिंपी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून बसला होता. एका बोटाने तिने मॅडमना लिहिलं, 'झारीवाली बाई कुठे आहे?'

'आज रजेवर. का?'

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. 'तुम्ही बाहेर जाऊन कुंडीला पाणी घाला. आत्ताच्या आत्ता. कारण मागाहून सांगते.' यावर उत्तर म्हणून आलंच नाही.

"पाच मिनिटं झाली," आजोबा म्हणाले. "कळलं मला काय ते. चाललो मी."

"थांबा!"

हा तिचा बसमधला आवाज होता. या आवाजाने उडी मारून पळणारी माणसंसुद्धा पायरीवर खिळायची. आजोबाही खिळले असावेत, कारण फोन तुटला नाही.

"आलं कोणीतरी," ते हळूच म्हणाले. "थांबा, चांगल्या डोळ्याने बघतो. बाई आहे. पाणी घालतेय. पण अहो, ही झारी नाही! पेला आहे साधा. आणि अर्धं पाणी स्वतःच्या पायावर सांडलंय. तुम्ही तर झारी म्हणाला होतात."

झारी फुटली म्हणून सांगणं सोपं होतं. वाक्य बाईच्या जिभेवर तयार होतं, आणि ते खपलंही असतं. पण बनावट तिकीट बावीस वर्षं जिने कुणाचं चालवून घेतलं नाही, तिला स्वतःचं कसं चालवता येईल?

"आजोबा, झारीवाली बाई आज रजेवर आहे," ती म्हणाली. "ही आमची मॅडम. मीच तिला बाहेर पाठवलं. तुम्ही माघारी जाल म्हणून."

बाईने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. आजोबांचा डोळाही गेला आणि आपलं कामही.

"म्हणजे मला फसवत होतात."

"हो."

"आणि आता सांगताय."

"हो."

"हं," आजोबा म्हणाले. "लबाड असतीस तर झारी फुटली म्हणाली असतीस. जातो आत. पण डॉक्टर बरा नसला तर तुझी धडगत नाही, सांगून ठेवतो."

पावणेबाराला यादीत त्यांच्या नावापुढे 'आले' असं उमटलं. पाठोपाठ मॅडमचा फोन. "बाई, माझे बूट भिजले. तो पहारेकरी जागा होऊन हसला मला. आणि डॉक्टर म्हणाले, आजोबा अगदी वेळेवर आले." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "सोमवारी नवी यादी पाठवते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पेशंटना फोन करायचे. आणि ते खांबाचं सगळ्यांना सांगू नका, रस्ता अडेल."

बाई चक्क खाली टेकली. शिंप्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

दुपारी पुन्हा आजोबा. "ए बाई, मी आत तुझी चौकशी केली. पहारेकऱ्याला विचारलं, औषधवाल्याला विचारलं. तुला कोणी पाहिलेलंच नाही! अशी बाई इथे बसतच नाही म्हणतात."

"अहो, मी घरून काम करते."

"ते सगळेच म्हणतात. खरं कशावरून?"

बाईने इकडेतिकडे बघितलं. मग हेडफोन काढून तिने तो मशीनजवळ धरला. "चालवा."

"अगं, फोन चालू आहे ना!"

"चालवा हो."

शिंप्याने पाय मारला. खडखड, खडखड करत मशीन पँटच्या शिवणीवरून सरळ शेवटपर्यंत धावलं. बाईने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

"जुनं दिसतंय," ते म्हणाले. "तेल द्या त्याला." आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईने पुढचा नंबर फिरवला. सवयीने शिंप्याने तिच्या हाताकडे बघितलं. तिने हात वर केला नाही.