मांडणीतला शेवटचा जोड

"हे जाळून टाका, मामा," अधीक्षक म्हणाले, "आणि पुडकं आलंच नाही असं समजा."

टेबलावर, फाडलेल्या खाकी कागदात, काळ्या बुटांचा एक जोड होता. सोबतच्या चिठ्ठीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'गेल्या महिन्यात किल्ला पाहून परतताना बस सुटायची घाई होती, म्हणून आम्हा सहाजणांची पादत्राणे एकाच पिशवीत कोंबली. बसमध्ये सर्वांनी आपापली घातली. हा जोड तळाशी राहिला, तो काल सापडला. ज्यांचा असेल त्यांना अनवाणी जावे लागले असेल. क्षमस्व.'

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

किल्ला समुद्रात होता. ओहोटीला चार तास खडकांची वाट उघडी पडे. उरलेल्या वेळी तिथे दोन पुरुष पाणी असे. त्या वाटेच्या तोंडाशी साखळी होती, आणि सव्वीस वर्षे ती साखळी मामांच्या हातात होती. राज्य एवढेसे, की चार दिवसांत पाहून संपे. प्रवासी दोन दिवस वाळूत लोळत, एक दिवस होड्या वल्हवत, आणि इतिहास शेवटच्या दुपारसाठी राखून ठेवत. त्यामुळे किल्ल्यावर येणारा प्रत्येकजण घाईत असे.

खात्याने पितळी बिल्ले दिले होते. जाताना द्यायचा, येताना परत घ्यायचा. लोक ते आठवण म्हणून खिशात घालून नेत, आणि मामा हॉटेलात जेवत बसलेल्या माणसांना किल्ल्यात शोधत हिंडत. तिसऱ्या वर्षी त्यांनी बिल्ले खणात टाकले. वाट शेवाळलेली, बूट घसरत, म्हणून सगळ्यांना ते लाकडी मांडणीत काढून ठेवावे लागत. मामा मांडणी पाहू लागले. "बिल्ला विसरेल, बायकोला विसरेल," ते म्हणत, "पण अनवाणी कुणी घरी जात नाही." युक्तिवाद पक्का होता. तेवीस वर्षांत त्याला एकदाही तडा गेला नाही, आणि ज्या युक्तिवादाला तडा जात नाही, तो तपासण्याची तसदी कुणी घेत नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या दिवशीही मांडणी रिकामी झाली. मामांनी तीन शिट्ट्या दिल्या आणि साखळी लावली. दुसऱ्या सकाळी पलीकडच्या खडकात एका शाळेतल्या कारकुनाचे प्रेत मिळाले. तोफांवरचे लेख उतरवून घ्यायला तो एकटाच आला होता. वही शर्टाच्या आत होती. पायांत काही नव्हते, ते समुद्राने नेले असे सर्वांनी धरले. मामांनी जबाब दिला: मांडणी रिकामी होती, साखळी लावल्यावर तो ओलांडून गेला असावा. ते खोटे बोलले नव्हते. अहवालात आले: 'प्रवाशाने प्रतिबंध झुगारला.'

"त्या कारकुनाच्या बाई बाहेर बसल्यात," मामा म्हणाले.

"अहवालाची प्रत न्यायला. सही करतील, जातील. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. झाकली मूठ झाकलेली राहू द्या. आणि मला तरी कुठे सुचलं, की मामा, बिल्ले वाटता का, असं विचारावं? तेही लिहून देऊ? दोघं मिळून बुडू."

"गेलेला माणूस काही परत येणार नाही, असंच ना?"

"मग? येणार आहे?"

"नाही. पण त्याच्यावर आळ आहे, साहेब. तो तर काढता येईल."

मामांनी कोरा कागद ओढून घेतला. अधीक्षकांनी त्यांना अडवले नाही. उठून फक्त वाऱ्याने आपटणारी खिडकी लावली. पाच ओळी लिहायला मामांना अर्धा तास लागला.

बाई बाकाच्या टोकावर बसल्या होत्या. महिनाभरात त्यांची ही चौथी खेप.

"सही कुठं करायची, भाऊ?" त्यांनी विचारले. "करते. पण पटलेलं नाही मला. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे राहायचे हे. लोक हसायचे. मुलगी तर चार पावलं लांब उभी राहायची, लाजून. आता तीच विचारते, आई, बाबा एकटे असले की असे वागायचे का?"

मामांनी जोड त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवला.

बाईंनी उजव्या बुटात हात घातला आणि आतला पुठ्ठा चाचपला. "मिठाईच्या खोक्याचा आहे," त्या म्हणाल्या. "मीच कापून घातला. उजवा पाय बारीक होता त्यांचा."

"ताई, ते आधीच आत होते. ते आत असताना मी साखळी लावली. माणसं मोजली नाहीत. बूट मोजले."

बाईंनी बूट खाली ठेवला.

"असं लिहून द्याल?"

"दिलंय." मामांनी नक्कल पुढे केली.

त्यांनी ती सावकाश वाचली, चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवली. "मुलीला दाखवते," म्हणाल्या. आभार मानले नाहीत, आणि मामांना ते योग्य वाटले.

"कुठं काढले होते?"

मामा त्यांना वाटेच्या तोंडाशी घेऊन गेले. बाई वाकल्या. तिसऱ्या फळीवर त्यांनी जोड ठेवला, टाचा बाहेर, नाड्या आत खोचलेल्या. घरी रोज ठेवला जात असेल तसा. मग पायरीवर बसल्या.

भरतीची वेळ होत आली. मामांनी शिट्टी दिली. प्रवासी ओल्या पायांनी परतले, हसत, एकमेकांना ढकलत. आपापले बूट, चपला घेऊन बसकडे गेले. मामांनी दुसरी शिट्टी दिली, तिसरी दिली. खडक एकेक करून बुडाले. पाणी पायरीच्या खाली येऊन थांबले.

वाट नाहीशी झाली होती. मामा साखळीचे टोक हातात धरून उभे होते. मांडणीत एक जोड होता.