माझ्या पोटातलं पाणी

बसा, बसा. कडेला नको, मधल्या फळीवर बसा. पायाखाली धडधड होतेय ना, त्याला भिऊ नका. तो मीच आहे. नाथसागराच्या फुगवट्यात, म्हणजे धरणाच्या साठलेल्या पाण्यात, या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या बोटीचं इंजिन. दोन सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, हातानं हँडल मारून सुरू होणारं. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पितळी पाटीवर कोरलेलं होतं, पण हौशी लोकांनी तिच्यावर तीनदा रंग फासला. तेव्हा तो विषय सोडा. मी इथलाच.

गावसमितीनं मला संभाजीनगरहून आणलं, बोटीच्या पोटात बसवलं आणि कारभारीबाबांच्या हवाली केलं. पलीकडच्या काठाला बाजार, दवाखाना, कॉलेज. सडकेनं जायचं तर दीड तासाचा वळसा, आणि माझ्या जिवावर पंचवीस मिनिटं. थोडी शेखी मिरवतो, पण खरं तेच सांगतो.

कारभारीबाबा मूळचे शेतकरी. विहिरीवरच्या इंजिनावर त्यांची उमर गेली. माझ्यावर त्यांचा लई जीव. रोज सकाळी फडक्यानं मला पुसायचे, तेलाची काडी बघायचे, आणि सुरू करण्याआधी माझ्या डोक्यावरचा लिव्हर वर करून नुसतंच हँडल फिरवायचे. लिव्हर वर असला की इंजिन पेटत नाही, नुसतं फिरतं. "आधी अंगात तेल फिरू दे, मग कामाला लाग," असं म्हणायचे. आमच्याकडं विहिरीवरचं इंजिन असंच जागं करतात. पहिल्या वर्षी पाच फेरे द्यायचे, मग दहा, पाचव्या वर्षी वीस.

चार वर्षं मी तक्रारीला जागा ठेवली नाही. पाचव्या वर्षी मात्र सकाळी सकाळी पोट जड वाटायला लागलं. सुरू व्हायला कुरकुर, सुरू झालो की पांढरा धूर. एक दिवस बाबांनी तेलाची काडी काढून पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. काळंभोर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. माझ्या पोटात पाणी शिरत होतं.

पाठोपाठ तीन मिस्त्री आले. तिघांनीही काडी बघितली, मान हलवली आणि सांगितलं, "हेडचं गॅस्केट गेलंय," म्हणजे माझ्या डोक्याखालची पाणी अडवणारी चकती फाटलीय. तीनदा माझं डोकं उघडलं, तीनदा नवं गॅस्केट घातलं. आठ दिवस बरं जायचं की पुन्हा तेच. शेवटच्यानं तर हेडलाच चीर गेलीय असं सांगून हात वर केले. खरं सांगतो, मलाही ते पटलं. सगळेच आपल्याला फुटकं म्हणायला लागले की आपल्यालाही तसंच वाटायला लागतं.

बाबा काय करणार? त्यांनी काळजीपोटी फेरे वाढवले. विसाचे तीस केले, तिसाचे चाळीस. साठीतला माणूस घामाघूम व्हायचा, पण मला जागं केल्याशिवाय पेटवायचा नाही.

समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब एका गुरुवारी काठावर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कारभारी, येत्या रविवारी बैठक हाये. इंजिन भंगारात काढू. आन् बोट दुसऱ्याच्या हाती देऊ. तुमच्याच्यानं आता व्हत नाय."

बाबा फडकं घेऊन मलाच पुसत बसले. संध्याकाळी त्यांच्या पत्नी सारजाबाई डबा घेऊन आल्या, तर बाबांनी तो उघडलाही नाही. सारजाबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "पिशोरला सांडू मिस्त्रीची लेक हाये, रूपा. लोक लई नाव काढत्यात तिचं. बोलवा तिला एकदा. बैठकीला अजून दोन दिवस हायेत."

शनिवारी सकाळी रूपा आली. तिशीची, पाठीला पिशवी, हातात दाबाचा काटा लावलेला सायकलचा पंप. "जय भीम, बाबा," म्हणाली. बाबा "राम राम" म्हणाले आणि तिच्याकडं जरा शंकेनंच बघत राहिले. मीही तसंच बघत होतो, कबूल करतो. आता ही चौथ्यांदा माझं डोकं उघडणार, असंच मला वाटलं.

तर बाईनं पाना हातात घेतलाच नाही! आधी अर्धा तास नुसती विचारत बसली. पाणी चालताना शिरतं का उभं असताना? धूर कधी पांढरा होतो? पाणी वाफाळतं का? बाबा सांगत गेले आणि ती मन लावून ऐकत गेली. माझ्याबद्दल इतकं कुणी विचारलंच नव्हतं.

मग माझ्या अंगात ज्या वाटांनी गार पाणी खेळतं त्या सगळ्या तिनं बंद केल्या, एका तोंडाला पंप लावला आणि हवा भरली. काटा एका आकड्यावर थांबला. ती चहा प्याली, बाबांशी पाऊसपाण्याचं बोलली. तासाभरानं बघितलं तर काटा तिथल्या तिथंच.

"बाबा, याच्या हेडला काय बी झालेलं नाय. चीर असती तर हवा निघून गेली असती. गॅस्केट बी ठणठणीत."

काय सांगू तुम्हाला मला काय वाटलं ते! इतके दिवस मी स्वतःला फुटका समजत होतो.

"मग पाणी येतंय कुठून?" बाबांनी विचारलं.

रूपानं माझ्या धुराचा रबरी पाइप सोडवला. त्यातून बादलीभर पाणी भळाभळा सांडलं. ती विचारात पडली. पाइप पुन्हा बसवला, माझ्या पोटातलं खराब तेल काढून नवं भरलं आणि बाजूला सरकली. "बाबा, आता तुमी रोज करता तसंच सुरू करा. मी हितं नायच असं समजा."

बाबांनी लिव्हर वर केला आणि हँडल फिरवायला लागले. पंधरा झाले, वीस झाले. रूपा पाइपला कान लावून बसली होती. पंचविसाव्या फेऱ्याला तिनं त्यांचा हात धरला. "थांबा, बाबा."

पुन्हा पाइप सोडवला. पुन्हा पाणी.

तिनं पाइप खाली ठेवला. मग हळू आवाजात सांगायला लागली. "विहिरीवरच्या इंजिनाला हे फेरे चांगलेच. मी सोता गिऱ्हाइकाला सांगते द्यायला. पन बोटीचं इंजिन तळ्यातलं पानी ओढतं आन् धुराच्या पाइपात सोडतं. इंजिन पेटलेलं असलं की धूर ते पानी बाहेर ढकलतो. नुसतं फिरवलं की पानी ओढलं जातं, पन ढकलायला धूरच नसतो. पाइप भरतो. आन् लिव्हर वर असल्यानं आतलं धुराचं दार उघडं. पानी थेट सिलिंडरात, तिथून झिरपत तेलात."

बाबांनी हँडलवरचा हात काढून घेतला. "म्हंजे मीच पाजलं याला पानी?"

"जीव लावला म्हनूनच झालं, बाबा. आळशी मानसाच्या हातनं हे झालंच नसतं."

बाबांचे डोळे भरून आले. मला तर त्यांच्यावर रागावताच येईना.

रविवारी बैठक काठावरच भरली. तात्यासाहेबांनी विचारलं, "काय निघालं?" रूपा तोंड उघडणार तोच बाबा उभे राहिले. "इंजिनात खोट नाय. चूक माझी हाये," म्हणाले, आणि सगळ्या गावासमोर चाळीस फेऱ्यांची गोष्ट काही न लपवता सांगितली. तिन्ही मिस्त्रींवर ढकलता आली असती, पण नाही ढकलली. असा माणूस मला मिळाला, याचा मला अभिमान आहे.

तात्यासाहेब रूपाकडं वळले. "इंजिन आता टिकनार का? छातीठोक सांग."

"पानी घ्यायचा कॉक, म्हंजे तोटी, बंद ठेवून फेरे द्यायचे, पेटलं की लगेच उघडायचा. एवढं पाळलं तर टिकंल."

"आन् मधी बंद पडलं तर?"

लोक चुळबुळले. एक खेप मारून बघायला बोटीत चढायचं, तर कुणीच पुढं होईना. तेव्हा रूपानं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि बोटीत येऊन मधल्या फळीवर बसली. तिनं फळी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

बाबांनी कॉक बंद केला, फेरे दिले, लिव्हर खाली टाकला. मी पहिल्या झटक्यात पेटलो. त्यांनी कॉक उघडला आणि आम्ही निघालो.

भर पाण्यात आल्यावर बाबांनी विचारलं, "पोरी, भ्या वाटतंय व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. "पोहता येत नाय मला. बोटीत बी आजच बसले."

"मग कशाला आलीस?"

"इंजिन बरं झालं असं मीच सांगितलं ना, बाबा? मग माझ्या आधी दुसऱ्याला कसं बसवू?"

त्या दिवशी मी जसा चाललो तसा नवा असतानाही चाललो नव्हतो. परत काठाला लागलो तेव्हा तात्यासाहेब गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी स्वतः दोर धरला आणि म्हणाले, "कारभारी, पुढची खेप किती वाजता हाये? मला बी यायचंय."

त्याला आता दोन वर्षं झाली. माझं तेल काळंभोर आहे आणि बोट बाबांकडंच आहे. तुमच्याकडं एवढंच मागणं, की तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल, तर त्याला फुटकं म्हणण्याआधी अर्धा तास त्याच्याबद्दल विचारपूस करणारं माणूस शोधा. अशी माणसं थोडी असतात, पण असतात. एक तर पिशोरलाच आहे.

चला, काठ आला. सावकाश उतरा.