‘हेव्वा’ या शब्दाची व्युत्पत्ती आणि पॅस्को टेहळ्याचा कर्णा

‘हेव्वा’ या प्राचीन कॉर्निश शब्दाची व्युत्पत्ती आणि तिच्यापायी एका सज्जनाच्या पोटावर आलेले गंडांतर, यांचे यथामती निरूपण येथे होईल. वाचकांनी चित्त एकाग्र करावे.

समुद्रकाठच्या पोर्थवेना गावाच्या कड्यावर पॅस्को नॅनकॅरो हा टेहळ्या कर्णा घेऊन बसे. समुद्रात तारली माशांच्या थव्याचा तांबूस डाग दिसताच त्याने ‘हेव्वा!’ अशी गर्जना करावी, पुरुषांनी होड्या लोटाव्यात आणि बायकांनी केक भाजायला घालावा, म्हणजे होड्या परतेपर्यंत तो तयार, असा तेथील शिरस्ता. परंतु गतवर्षी पॅस्कोने ढगाच्या सावलीलाच तारली मानले होते. “पुन्हा फुकट ओरडलास तर कर्णा काढून घेईन,” असे होड्यांचा म्होरक्या हॅनिबल तांडेल याने त्याला बजावले होते.

अशा समयी, शब्दांची मुळे उकरण्याचे व्यसन असलेले पाद्री ट्रेवेनेन कड्यावर अवतीर्ण झाले.

“पॅस्को, तो शब्द एकवार ओरड बघू.”

“मासा नसताना? नाही बाबा! त्यापेक्षा तुमच्या चर्चात शिवी देतो.”

“अरे, मूळ शब्द ‘हेस्वा’, म्हणजे माशांचा थवा. तुम्ही अडाण्यांनी त्याचा चोथा केलात. निदान ‘हेव्वा’ तरी कसा उच्चारावा, ते ऐक!”

असे वदून त्यांनी कर्णा हिसकावला आणि शब्द असा ठोकला की कड्यावरचे पक्षी उडाले. सारे गाव धावले. एक गृहस्थ तर अर्धी दाढी तशीच ठेवून वल्ह्यावर बसले.

पाण्यात थवा सोडाच, एक शेपटीही नव्हती. हॅनिबल निथळत वर आला.

“पॅस्क्या, कुठायत मासे?”

पाद्रीबाबा क्षितिजाकडे पाहत स्तोत्र पुटपुटू लागले. पाद्र्याविरुद्ध आपले कोण ऐकणार, या विचाराने पॅस्कोने मुकाट्याने कर्णा पुढे केला.

“आणि ओरडलास तरी काय रे!” हॅनिबल म्हणाला. “कापताना बोकडसुद्धा याहून गोड ओरडतो.”

पाद्रीबाबा गर्रकन वळले. “बोकड? मूर्खा, तो माझा उच्चार होता! अस्सल, पूर्वजांचा! एक स्वर चुकलेला नाही!”

मग हॅनिबलने कर्णा पॅस्कोच्या मांडीवर ठेवला आणि पाद्र्याचा दंड धरला.

“चला बाबा, खाली. बायकांनाही समजावून सांगा.”

खाली पॅस्कोची बायको ट्रिफीना, जाळ्याची नक्षी कोरलेला केक घेऊन उभीच होती.

“रिकाम्या होडीचा केक आमच्यात कुणी खात नाही, अपशकुन असतो. तुम्ही हाक मारलीत, तुम्हीच खा. माझा झाला की शेजारणीचा.”

तिसऱ्या घरी पोहोचेतो पाद्रीबाबांना प्राचीन वा अर्वाचीन, कोणताही उच्चार करवेना. कड्यावर पॅस्को मात्र कर्णा पोटाशी धरून पुन्हा समुद्र न्याहाळीत बसला होता.

हे निरूपण गोड मानून घेणाऱ्या वाचकांचा ऋणी,
इलायस पेनालुना, जाळी विणणारा, पोर्थवेना.