पाटलांचं नासकं रक्त

शाहू महाराजांच्या राज्यात गावोगाव शाळा निघत होत्या. कोडोलीत मात्र सिद्धबुवा निघाले होते. मंगळवारी देवळापुढं बायांची रीघ लागे. बुवा बायांच्या तळहातावर हळद चोळत, तांब्यातलं तीर्थ शिंपडत, की हळदीतून लालभडक रक्त उमटे. गर्भाशयाची नाडी तळहातात असते आणि गर्भाशय नासलं की त्याचं रक्त तिथं उमटतं, हा शोध बुवांचाच. गावात विहिरी खणून पाणी लागत नव्हतं. बुवांना मात्र प्रत्येक हातात रक्त लागत होतं.

नजीरा कासारीण बांगड्या भरायला पाटलांच्या घरी गेली, तेव्हा हंबीरराव पाटलांच्या बायकोचा, चिमणाबाईंचा हात बघून चरकली. मनगट काडीसारखं, नखं पांढरीफटक. पाच महिने अंगावरून रक्त जात होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंच्या औषधाचं काय झालं, असं नजीरानं विचारलं. बुवांनी ते बंद करवलं होतं; सात मंगळवार तीर्थ घ्यायचं होतं, तीन झाले होते. नजीराची थोरली बहीण अशाच दुखण्यात ताईत बांधता बांधता गेली होती.

पुढच्या मंगळवारी नजीरा चिमणाबाईंच्या सोबत देवळापुढं गेली. हंबीररावही होते. नजीरानं आधी आपला हात पुढं केला. तीर्थ बोटांना बुळबुळीत लागलं, आणि तांब्याच्या आत कडेला पांढरी पापडी धरलेली दिसली. रोज पान खाणाऱ्या बाईला चुना ओळखायला शास्त्री लागत नाही.

पाटलांचाही हात बघा, असं ती बुवांना म्हणाली. ही विद्या फक्त बायकांसाठी आहे, असं बुवांनी खुलासेवार सांगितलं. तोवर नजीरानं पाटलांच्या तळव्यावर हळद चोळून तांब्या कलता केला होता. तळवा लाल झाला.

"पाटील," नजीरा म्हणाली, "तुमचं बी गर्भाशय नासलंय की."

आधी बायका हसल्या. हंबीरराव हसले नाहीत. नजीरानं मग सरळ सांगितलं: चुना पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसला की वरची निवळी घ्यायची. दिसते पाण्यासारखी, हळदीला लागली की लाल होते.

"हळदीला चुना दिऊनच कुंकू करत्यात. रोज कपाळाला लावतासा, आन् हातावर वळखू येत न्हाय व्हय?"

देवी कोपेल, असं बुवा म्हणाले. देवी कोपायच्या आत त्यांनी बोचकं आवळलं.

पाटलांनी त्याच दुपारी गाडी जुंपली. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयातली गाठ काढली, आणि वाया घालवलेल्या महिन्यांबद्दल पाटलांना चार माणसांत झाडलं. चिमणाबाई वाचल्या, पण चालत्या व्हायला दिवाळी उजाडली.

बुवा म्हणे कागलकडं आहेत आणि तिथंही रीघ आहे. म्हणून एवढंच सांगायचं: बाईचं दुखणं लाजेनं झाकू नका आणि तीर्थानं धुऊ नका. ते डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर तो आधी धडधाकट माणसावर करून बघा.